लाल दिवा काय सांगतो?

नेवासे तालुक्यातील एका घरची गोष्ट. नातीला कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख उद्याची. मोबाइलवर नेट धड मिळत नाही. आणि घरचे इंटरनेट बंद!

आबा म्हणाले, "पोरी, पेटी बिघडली. नवी आणावी लागणार."

नात म्हणाली, "थांबा आबा. आधी दिवे पाहू."

राउटरच्या पेटीवर बारीक दिवे असतात. त्यांतला 'एल.ओ.एस.' हा दिवा लाल झाला होता. याचा अर्थ काय? बाहेरून काचेची तार येते. आतली काच केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड येतो. तार तुटली किंवा फार वाकली, की उजेड थांबतो. मग लाल दिवा लागतो. अशा वेळी पेटी बदलून काय उपयोग? तार जोडणे हे कंपनीचे काम. आपण ती उपसू नये. तिच्या टोकात डोकावू नये. न दिसणारा उजेड डोळ्यांना अपाय करू शकतो.

लाल दिवा नसेल तर? पेटीचे बटण बंद करावे. अर्ध्या मिनिटाने चालू करावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

आबांनी कंपनीला फोन केला. तक्रारीचा नंबर वहीत स्वतः लिहिला. सकाळपर्यंत कोणी आले नाही. आबांनी पुन्हा फोन करून नंबर वाचून दाखवला. दुपारी माणूस आला. रस्त्याकडेला तार तुटली होती. संध्याकाळी फॉर्म गेला.

ध्यानात ठेवा : तक्रारीचा नंबर लिहून घ्या. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.