पुन्हा लग्न केलं तर वाटा जातो?

प्रश्न : मी ३३ वर्षांची. चार वर्षांपूर्वी पती अपघातात गेले. सात वर्षांची मुलगी आहे. एका सहकाऱ्याने लग्नाचं विचारलंय. मलाही तो आवडतो. सासूबाई म्हणतात, लग्न केलंस तर ह्यांच्या घरातला वाटा जाईल. मी ह्यांना विसरले का, असंही वाटतं.

उत्तर : ताई, पुन्हा जीव लागला म्हणजे विसरलात असं नाही. त्यांची आठवण राहीलच, राहू द्या. हिंदू वारसा कायद्याने पतीच्या निधनानंतर तुम्हाला मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. मात्र भविष्य निर्वाह निधीतली विधवा पेन्शन लग्नानंतर थांबते, हे हिशेबात धरा. लेकीला या सहकाऱ्याची ओळख सावकाश करून द्या. बाबांचा फोटो भिंतीवरून काढू नका.