कक्षेतून परतणारी अवकाशकुपी

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहात वितळविलेला धातू किंवा वाढविलेला स्फटिक तपासणीसाठी हाती यावा लागतो. मोजमापे बिनतारी संदेशाने येतात. नमुना मात्र कुपीतूनच आणावा लागतो. भारताने १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून ५५० किलोग्रॅम वजनाची अशी कुपी कक्षेत पाठविली. तीत जवळजवळ भारहीन अवस्थेत करावयाचे दोन प्रयोग होते.

खरी कसोटी उतरण्याची. प्रथम कुपी वळवून तिची रॉकेट-यंत्रे गतीच्या उलट दिशेने चालवावी लागतात. येथे एका मिनिटाची चूक म्हणजे उतरण्याच्या जागेत सुमारे ४५० किलोमीटरचा फरक! पुढे ताशी सुमारे २९,००० किलोमीटर वेगाने ती वातावरणात शिरते, तेव्हा समोरची हवा दाबली जाऊन प्रखर तापते. टोकदार आकार येथे घातक ठरतो. बोथट नाकापुढे आघातलहर अंतर राखून उभी राहते व बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेतच वाहून जाते. उरलेल्या उष्णतेसाठी नाकावर कार्बन-फिनॉलिकचे कवच होते. ते स्वतः झिजते आणि आतील भाग वाचविते. इतरत्र सिलिकाच्या फरशा बसविल्या होत्या.

वेगाचा फार मोठा भाग हवेच्या विरोधानेच ओसरला. मग हवाई छत्र्या क्रमाने उघडल्या आणि २२ जानेवारी रोजी सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने कुपी बंगालच्या उपसागरात, श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस सुमारे १४० किलोमीटरवर उतरली. फुग्यांच्या आधाराने तरंगणाऱ्या कुपीचा ताबा घेण्यास तटरक्षक दल व नौदल सज्जच होते.