ट्यूबलाइटवर चालणारा सौरघट आणि बारावीनंतरची वाट

नांदेडचे एक पालक मुलीला घेऊन आले. लातूरला दोन वर्षं नीटचा क्लास झाला होता. "आता ही म्हणते, बी.एस्सी. करून सोलरचं संशोधन करणार. सर, छतावर पॅनल बसवायला एवढं शिकायचं?"

मी टेबलावरचा कॅल्क्युलेटर उचलला आणि वरची काळपट पट्टी बोटानं झाकली. आकडे फिके पडले. बोट काढताच परत आले. (आत बटन सेल असला तर ही गंमत होत नाही.) घरातल्या उजेडावर चालणारा हा सौरघट जुनाच आहे. आता रिमोट, तापमापक सेन्सर अशा वस्तूंसाठी त्याहून चांगला घट हवा आहे.

भरदुपारी अंगणात लाखभर लक्स प्रकाश असतो. अभ्यासाच्या टेबलावर पाचशे मिळाले तरी पुष्कळ. शिवाय छतावरच्या पॅनलमधलं सिलिकॉन उन्हातले अवरक्त किरणही वापरतं, ते एलईडीत जवळजवळ नसतातच. म्हणून घरातल्या उजेडाला जुळणारा पदार्थ बनवावा लागतो. त्यातला एक म्हणजे पेरोव्स्काइट. त्यातल्या आयोडीनच्या जागी थोडं ब्रोमीन घातलं, की तो कुठले रंग शोषतो ते बदलतं. काचेवर त्याच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, काच मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवायची आणि तव्यासारख्या हॉटप्लेटवर ठेवायची. पिवळसर थर बघता बघता तपकिरी होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटानं 2025 मध्ये 1000 लक्स प्रकाशात अशा घटाची 37.6 टक्के कार्यक्षमता दाखवली. पण या पदार्थाला दमट हवा सोसत नाही, आणि त्यात शिसं असतं. ही दोन दुखणी अजून पुरती बरी झालेली नाहीत, म्हणूनच इथं काम आहे.

वाट लांब आहे, हे वडिलांना मी स्पष्टच सांगितलं. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पाचेक वर्षांची पीएच.डी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात फिजिक्स-केमिस्ट्रीची एम.एस्सी. होते. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा 'जॅम' दिली तर आयआयटी मुंबईचं दार उघडतं. बारावीनंतर थेट पुण्याच्या आयसरला जायचं तर त्यांची वेगळी परीक्षा आहे. नेट परीक्षेतून पीएच.डी.साठी जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की महिना 37,000 रुपये, घरभाडं वेगळं. त्याआधीची पाच वर्षं मात्र बहुतेकदा घरच्याच पैशावर. ज्या घराला तीन वर्षांत कमावता हात हवा, त्यांनी ही वाट धरू नये, असं माझं मत.

"आणि नोकरी?" वडिलांचा खरा प्रश्न हाच होता. केवळ या घटाच्या भरवशावर राहू नये. पातळ थर द्यायचा आणि तो मोजायचा, हा हात बसला की बॅटरी, सेन्सर, सेमीकंडक्टर अशा कामांतही तो उपयोगी पडतो.

प्रवेशाआधी विभागाची प्रयोगशाळा बघून या, असं मी मुलीला म्हटलं. एखाद्या यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर दिसलं, तर ते शेवटचं कधी काढलं होतं, एवढं विचारायचं.