नवा स्टिंगरे खात नाही

प्रश्न : ‘टीकप’ म्हणून आणलेला गोड्या पाण्यातला स्टिंगरे आठवडाभर काही खात नाही. तो नेमका कोणता? काय द्यावं?

उत्तर : टीकप हे पिल्लांवर चिकटवलेलं दुकानी नाव. तपकिरी पाठीवर काळ्या कडेची नारिंगी वर्तुळं असतील तर बहुधा मोटोरो. काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर ब्राझीलच्या शिंगू नदीतला लिओपोल्डी असू शकतो. दोघेही दीड फुटापर्यंत पसरतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही!

शेपटीच्या मुळाशी कूर्चा वर आलेली दिसली, तर तो प्रवासात उपाशी राहिलाय. आधी अमोनिया तपासा, शून्यच हवा. मग दिवा मंद करून स्वच्छ धुतलेली जिवंत गांडुळं थोडी थोडी, दिवसातून दोनतीनदा द्या. खायला लागला की सोललेली कोळंबी. उरलेलं लगेच काढा, पण हाताने नको: शेपटीचा काटा विषारी असतो.