वेब-प्रणाली निवडताना : दक्षिण कोरियाचा धडा

हिशेब, मालसाठा, पगारपत्रक यांसाठीची सॉफ्टवेअर्स पूर्वी प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावी लागत. आज त्यांपैकी अनेक थेट ब्राउझरमध्ये चालतात. ही सोय मोठी आहे. मात्र तिच्यासोबत येणारे परावलंबित्व वेळीच ओळखले नाही, तर पुढे त्याची किंमत मोजावी लागते. या दृष्टीने दक्षिण कोरियाचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे परदेशी मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये संदेश गुप्त राखण्याची व्यवस्था दुबळी, म्हणजे ४० बिटांची असे. इंटरनेट बँकिंगसाठी ती अपुरी होती. म्हणून कोरियाने 'सीड' ही १२८ बिटांची स्वतःची पद्धत विकसित केली. ती वापरण्यासाठी ग्राहकाला 'ॲक्टिव्हएक्स' प्रकारचा पूरक प्रोग्रॅम संगणकावर उतरवून घ्यावा लागे आणि तो केवळ मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. हेतू योग्य होता आणि उपायही त्या काळी उपयुक्त होता.

अमेरिकेने २००० साली निर्बंध शिथिल केले. मूळ कारण दूर झाले, व्यवस्था मात्र तशीच राहिली. अन्य ब्राउझर वापरणाऱ्यांना व्यवहार करणे दुरापास्त झाले. शिवाय, समोर येईल तो प्रोग्रॅम 'होय' म्हणून बसवून घेण्याची घातक सवय ग्राहकांना जडली. या व्यवस्थेशी निगडित शासनमान्य प्रमाणपत्राचे विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्ये संपुष्टात आले. तर जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त केला.

याउलट उदाहरण 'एजॅक्स' तंत्राचे. संपूर्ण पान पुन्हा न मागवता केवळ आवश्यक तेवढी माहिती सर्व्हरकडून आणणे, हे त्याचे मर्म. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स यांनी त्याची क्षमता जगापुढे आणली. त्यातील मुख्य घटकही मूळचा मायक्रोसॉफ्टचाच आणि प्रारंभी तोही ॲक्टिव्हएक्सच्याच रूपात होता! परंतु इतर ब्राउझरांनी त्याचा स्वीकार केला, तो सर्वमान्य मानक झाला आणि म्हणून टिकला. तात्पर्य, तंत्रज्ञान कोणी निर्माण केले यापेक्षा ते किती जणांनी स्वीकारले, हे अधिक महत्त्वाचे.

आपल्या व्यवसायासाठी वेब-प्रणाली घेताना उद्योजकांनी विक्रेत्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. ही प्रणाली किमान दोन भिन्न ब्राउझरांत व मोबाइलवर चालवून दाखवाल का?

२. वेगळा पूरक प्रोग्रॅम बसवावा लागतो का? असल्यास त्याची देखभाल कोण, किती काळ करणार?

३. आमची सर्व माहिती अन्य सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात केव्हाही काढून घेता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास करार करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. सॉफ्टवेअर बदलता येते. अडकून पडलेले दहा वर्षांचे हिशेब सोडवणे कठीण असते.