आमची चार पट्ट्यांची परसबाग



घराच्या मागच्या मोकळ्या जागेला परस म्हणतात. तेथे घरापुरता भाजीपाला, फळझाडे व औषधी झाडे लावतात, तिला परसबाग म्हणतात. परसबागेचे फायदे बाईंनी आम्हाला वर्गात शिकवले होते. मी ते पाठ केले होते. पण खरे समजले ते या दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर आईला सारखी चक्कर यायला लागली. पाण्याची कळशी उचलली की ती मध्येच खाली बसायची. उपकेंद्रात नर्सबाईंनी रक्त तपासले. त्या म्हणाल्या, "रक्त नऊ भरलंय. बाईमाणसाचं निदान बारा पाहिजे." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. रोज हिरवी पालेभाजी खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, असे सांगितले. लिंबामुळे भाजीतले लोह अंगाला जास्त लागते आणि चहामुळे कमी लागते.

आमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. पालेभाजी दोन दिवसांत सुकते. मग बाकीचे दिवस डाळ नाहीतर चटणी-भाकरी. म्हणून मी आजीला म्हणाले, "आपण परसात मेथी लावू." आजी म्हणाली, "लाव की. बी माझ्याकडं आहे."

माझी पहिली चूक

मी सगळ्या जागेत एकाच दिवशी मेथी पेरली. चौथ्या दिवशी कोंब वर आले. मला फार आनंद झाला. महिन्याभरात एवढी मेथी झाली की आम्ही शेजारीपाजारी वाटली. पण उरलेली मेथी जून झाली, कडू लागायला लागली आणि तिला फुले आली. मग परसात खाण्याजोगे काहीच राहिले नाही. नव्याने पेरली तरी पुन्हा महिनाभर थांबायचे!

तेव्हा मी आणखी एक गोष्ट पाहिली. आमची आई सगळ्यांच्या शेवटी जेवते. भाजी थोडी असली की ती आधी आजोबांना, बाबांना, मग मला आणि भावाला वाढते. तिच्या वेळेला कढई रिकामी असते. ती कढई पुसून भाकरी खाते. भाजी आईसाठी आणि खाणार आम्ही! मला फार वाईट वाटलं.

मी हे बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "मेथी किती दिवसांत तयार होते?" मी म्हणाले, "अठ्ठावीस-तीस दिवसांत." बाई म्हणाल्या, "मग अठ्ठावीसला सातने भाग." उत्तर चार आले. तोच आमच्या बागेचा नकाशा झाला.

कृती

१. जमीन खणून ढेकळे फोडावीत. वाफ्याच्या चार पट्ट्या कराव्यात. आमची एक पट्टी पाच हात लांब व दोन हात रुंद आहे. मध्ये पाय ठेवायला वाट सोडावी, म्हणजे भाजी तुडवली जात नाही.

२. प्रत्येक पट्टीत दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. ते कुजताना तापते व कोवळी मुळे जळतात.

३. मेथी रात्रभर पाण्यात भिजवावी. पहिल्या रविवारी फक्त पहिली पट्टी पेरावी. बी अर्ध्या बोटाहून खोल जाऊ देऊ नये.

४. दुसऱ्या रविवारी दुसरी, तिसऱ्या रविवारी तिसरी आणि चौथ्या रविवारी चौथी पट्टी पेरावी.

५. पाचव्या रविवारी पहिली पट्टी काढायला येते. ती आठवडाभर लागेल तशी उपटावी. जेवढी जागा मोकळी होईल तेवढी लगेच खणून, खत घालून पुन्हा पेरावी. असे रहाट चालू ठेवावे.

कोथिंबीर लावताना धणे चपलेने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. प्रत्येक भागात एक बी असते. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस लागतात. उगवली नाही म्हणून माती उकरून पाहू नये. माझ्या भावाने पाहिली होती.

पालक उपटू नये. बुडाशी दोन बोटे ठेवून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. कडेला आम्ही कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि तुळस लावली आहे. लिंबाचे झाड आजोबांनी आधीच लावलेले आहे.

आठवड्याचा हिशेब

एका पट्टीची मेथी तीन वेळा पुरते. पालक दोन वेळा होतो. बांधावरच्या शेवग्याचा कोवळा पाला एक वेळा. बाजाराची भाजी एक दिवस. ३ + २ + १ + १ = ७. म्हणजे आठवडा भरला.

पाणी कोठून आणले?

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते. बाबा म्हणाले, "प्यायला पुरत नाही आणि तुझ्या मेथीला कुठून आणू?" मग मी सांडपाणी मोजले. तांदूळ व भाजी धुतलेले आणि भांडी विसळलेले पाणी रोज चार कळशा भरले. ते मी पट्ट्यांना घालते. साबणाचे पाणी भाजीला घालत नाही. ते न्हाणीमागे केळ, पपई आणि अळू यांच्याकडे चर काढून सोडले आहे. पूर्वी तेथे डबके साचून डास व्हायचे. आता डबके नाही. पट्ट्यांवर उसाचे पाचट पसरले, म्हणजे ओल टिकते.

बागेचे शत्रू

पहिला शत्रू आमच्याच कोंबड्या! त्यांनी एका सकाळी दुसरी पट्टी उकरून टाकली. मी रडले. मग बाबांनी बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घातले. दुसरा शत्रू मावा. तो पानांच्या खाली बसून रस पितो. त्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून पानांवर शिंपडावे. भाजी काढल्यावर तीन पाण्यांनी धुवावी.

बी जपणे

माझी चूक फुकट गेली नाही. जून झालेली काही मेथी आजीने उपटू दिली नव्हती. तिच्या शेंगा आता वाळल्या आहेत. आजी बी राखेत मिसळून वाळलेल्या दुध्या भोपळ्यात ठेवते. राखेमुळे किडे लागत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे असेच जपून बियाण्यांची बँक उभी केली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मी हे आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "मग माझा भोपळा नीट ठेव हो."

निष्कर्ष

गेल्या आठवड्यात नर्सबाईंनी आईचे रक्त पुन्हा तपासले. साडेदहा भरले. अजून दीड कमी आहे. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि भाजीही बंद करायची नाही, असे त्या म्हणाल्या. आई आता कळशी घेऊन मध्ये बसत नाही.

आमच्या घरी एक नवा नियम झाला आहे. मी भाजी झाली की आधी आईची वाटी काढून झाकून ठेवते. पहिल्या दिवशी आई रागावली. आजोबा म्हणाले, "पोरगी बरोबर करते. तू पण आमच्याबरोबरच बस जेवायला." आता आम्ही सगळे एकदमच जेवतो.

तर बालमित्रांनो, एकदम पुष्कळ पेरू नका. थोडे थोडे, पण दर आठवड्याला पेरा. उन्हाळ्यात मेथी नीट येत नाही, म्हणून आम्ही आता तांदुळजा पेरणार आहोत. ज्यांना मेथीचे बी पाहिजे त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे. एक मूठ बी मिळेल. तुमच्याकडे पीक आले की मूठभर बी परत द्यायचे.

घरी करून पाहा

१. तुमच्या घरी रोज किती कळशा सांडपाणी वाया जाते? मोजा.

२. पालक पस्तीस दिवसांत तयार होतो. दर सात दिवसांनी पेरायचा तर पट्ट्या किती लागतील?

३. तुमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी कोण जेवते? त्यांच्या ताटात भाजी असते का? आज पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी