चार रंगांची बोगनवेल

"एकाच झाडावर चार रंग, ताई. केशरी, पांढरा, पिवळा, राणी." बाराशे रुपये मोजले मी. वर नर्सरीवाल्याने फुकटात इतिहासही ऐकवला: फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल, त्याच्या सफरीत 1767 मध्ये रिओला सापडलेली ही वेल, वगैरे. कलमाचा खुंट कुठे संपतो, एवढं तेवढं सांगितलं नाही.

रोज पाणी घाला म्हणाला, घातलं. महिन्याला मूठभर युरिया म्हणाला, तोही घातला. दोन वर्षं नुसतं हिरवं रान. काट्यांनी वाळत घातलेल्या दोन साड्या फाडल्या. फोन केला तर म्हणे, "ताई, बोगनवेलीचा रंग म्हणजे फूल नसतंच मुळी, ती पानं. फूल आतलं, पांढरं, इवलंसं." खरं आहे हो! पण मी पैसे वनस्पतिशास्त्राच्या तासाचे दिले नव्हते.

मार्चमध्ये एकदाचा बहर आला. सगळा किरमिजी, हायवेच्या दुभाजकावर असतो तोच. वाकून बुंधा पाहिला. मातीच्या चार बोटं वर कलमाची गाठ, आणि झाडून सगळे सोटे तिच्या खालून फुटलेले! वरच्या चार काड्यांपैकी तीन खडखडीत वाळलेल्या. ज्या फुटव्यांना "काय जोम आहे" म्हणत मी काठ्या बांधल्या, तो जोम खुंटाचा होता.

नर्सरीत गेले. "खालचे फुटवे काढायचे असतात ना, ताई." कधी सांगितलंत, विचारलं, तर तो शेजारच्या गिऱ्हाइकाला चार रंग दाखवायला वळला.

तेव्हा घेतानाच गाठ दाखवायला लावा. कुंडी बदलताना ती मातीत पुरू नका आणि मुळांचा गोळा फोडू नका, बोगनवेल रुसते. गाठीखालचा फुटवा कोवळा असतानाच बोटांनी ओरबाडून काढा. कात्रीने कापलात तर बुडातून पुन्हा येतो. युरिया बंद. माती वरून चांगली सुकल्याशिवाय पाणी नाही. थोडी तहानली की रंग धरते. ऊन दिवसभराचं. बहर सरला की छाटणी, कारण रंग नव्या फुटीवर येतो. हातमोजे घाला. बिल घ्या. नर्सरी विश्वासाची बघा म्हणतात. मीही विश्वासाचीच बघितली होती.

खुंटाचे सगळे सोटे काढलेत. केशरीची एक काडी जगलीय, परवा तिला रंग आला. फोटो पाठवला त्याला. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.